निंबवलीची थंडी सापडली

२०४७ सालच्या जानेवारीत निंबवलीत एक अजब गोष्ट घडली. माणसं थंडीने कुडकुडत होती आणि तापमापक सांगत होते, हवा चांगली उबदार आहे!

निंबवली म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर वसलेलं छोटं शहर. पहाटे साडेपाचला निम्मं शहर स्टेशनकडे चालू लागतं. नोकऱ्या मुंबईत, म्हणून हवामानाचा अंदाजही लोक मुंबईचाच बघायचे. निंबवलीचा स्वतःचा असा अंदाज नव्हताच! सातवीतल्या स्पृहा भोपीला याचा भारी राग यायचा. "आपलं शहर काय नुसतं झोपायला आहे?" ती फणकारायची.

यंदा हवामान केंद्राने पारा नावाचा यंत्रमानव पाठवला होता. अट सोपी होती. उद्या पहाटेचं निंबवलीचं तापमान आज रात्री आठच्या आत सांगायचं. बरोबर आलं, तर रोजच्या अंदाजात निंबवलीचं नाव. चुकलं, तर मुंबईच्या आकड्यावरच समाधान मानायचं.

स्पृहाने हे काम अंगावर घेतलं आणि केंद्राने दिलेले बटणाएवढे दोनशे तापमापक नोकरदारांना वाटले. घर ते स्टेशन चालता चालता ते हवा मोजणार होते. पण आकडे आले ते असे: नदीकाठच्या गल्ल्यांत बावीस अंश, स्टेशनवर एकवीस.

"मुंबईत एकोणीस आहे," पारा म्हणाला. "म्हणजे तुम्ही त्यांच्याहून गरम."

"अरे, पण पहाटे बाबांचे दात वाजत होते!"

"दात वाजण्याची नोंद माझ्याकडे नाही."

स्पृहाला रडूच आलं. संध्याकाळी सात वाजता बाबा घरी आले. तिने नेहमीप्रमाणे डबा धुवायला घेतला आणि हात थबकला. बटण डब्याच्या पिशवीलाच टोचलेलं होतं.

"बाबा, इथे का लावलंस?"

"छत्री विसरेन, पाकीट विसरेन, डबा कधी विसरत नाही. सगळ्यांनी तिथेच लावलंय."

"सकाळी डबा किती गरम होता?"

"कढईतली वांग्याची भाजी थेट डब्यात भरली. बोटं पोळली माझी!"

स्पृहा खो खो हसत सुटली. निंबवलीकरांनी हवा मोजलीच नव्हती, भाजी मोजली होती! तिने पाराला सगळ्यांना निरोप धाडून डबा न नेणारे शोधायला लावले. दोनशेत जेमतेम अकरा निघाले. त्यांचे आकडे होते: टेकडीवर सोळा, स्टेशनवर तेरा, नदीकाठी नऊ.

"नऊ?" बाबा उडालेच. "नदी आणि टेकडी तर हाकेच्या अंतरावर आहेत. आणि उंचावर जास्त थंडी हवी ना?"

"एरवी असते," पारा म्हणाला. "पण आकाश निरभ्र असलं, की रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि गार पडते. तिला टेकलेली हवाही गार होते. गार हवा जड. ती उतारावरून घरंगळत खाली येते आणि नदीकाठच्या सखल जागेत साचते. वर राहते ती उबदार हवा. याला म्हणतात तापमानाची विपरीतता (उंचीवर थंडी वाढण्याऐवजी कमी होणे). मुंबईजवळ समुद्र आहे, तो हवा फार गार होऊ देत नाही."

"वारा आला तर?"

"वरची-खालची हवा मिसळते. थंडी साचत नाही."

स्पृहा अंगणात धावली. आज पहाटे बारीक झुळूक होती. आता पिंपळाचं पानही हलत नव्हतं. आठला पाच मिनिटं होती.

"नदीकाठ आठ अंश, टेकडी सोळा," ती म्हणाली. आठ वाजेपर्यंत आकडा तिने बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोनशे बटणं डब्यांपासून लांब, खांद्यांवर होती. स्टेशनच्या फलाटावर पाराने आकडे जुळवले. टेकडी सोळा. नदीकाठ आठ पूर्णांक एक.

फलाटावर एकच जल्लोष झाला. पाच बावन्नची गाडी आली तरी कुणी हलेना, कारण समोरच्या पडद्यावर राज्याचा अंदाज उमटत होता. मुंबई, ठाणे, नाशिक आणि त्यांच्याखाली, पहिल्यांदाच, निंबवली.

बाबांनी ते नाव मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "ते आमचं शहर. आणि हा अंदाज माझ्या मुलीने सांगितलाय."

अभिमानाने स्पृहाचे कान लाल झाले. नदीवर धुकं तरंगत होतं. त्याकडे बोट दाखवत तिने विचारलं, "पारा, हे किती वाजता विरेल?"

"मला नाही माहीत," पारा म्हणाला. "निंबवलीचं धुकं आजवर कुणी मोजलेलंच नाही."

"मग आजपासून मोजू," स्पृहा म्हणाली आणि तिने वही उघडली.