बांधावरचा लवू

यतीन मुर्धा गावात आला तो नुसती एक कॅसेट मागायला. पूनम सागर सोसायटीत राहणारा, मशिनी दुरुस्त करून पोट भरणारा माणूस. सरूबाईच्या धाकट्या लेकाचा, लवूचा, शाळेतला जोडीदार. लहानपणी यतीनच्या घरी टीव्हीला जोडायचा कंप्युटर होता, नुसता कळांचा डबा. लवूनं त्यावर एक खेळ रचला आणि आईच्या धवल्यांच्या, म्हणजे लग्नगाण्यांच्या, कॅसेटवर, गाणं संपतं तिथून पुढे, भरून ठेवला. त्याच साली उधाणाच्या भरतीनं मिठागराचा बांध फोडला. बांध बघायला गेलेला लवू परतला नाही. हाताला काहीसुद्धा लागलं नाही.

"काकू, तो डबा कधीच मेला. पण मी तसाच नवा बनवलाय. आतली चिप आजची, बाकी हुबेहूब. लवूचा खेळ चालेल त्याच्यावर."

"कॅसेट घराभायेर जायाची न्हाय. तुजा डबा हितं आन."

आणला. घरात नातीच्या, कृतिकाच्या, लग्नाची गडबड होती. सरूबाई धवलारीण. मांडवात गाऊन देवांना, पितरांना नावानं बोलवायचं काम तिचं. ज्याचं नाव घेतलं नाही तो मेलेला बाहेरच उभा राहतो, आत पाऊल टाकत नाही. घराघरातले मेलेले तिच्या तोंडपाठ. पण लवूचं नाव तिनं आजवर एकाही मांडवात घेतलं नव्हतं. घेतलं की तो मेलाच ना!

यतीननं कॅसेट लावली. आधी सरूबाईचाच तरणा आवाज आला, आजेपणजे बोलावणारा. तो थांबला आणि चिरकी किंचाळी सुटली, कॅसेटवर भरलेल्या खेळाची. डब्यानं ती ऐकून घेतली नि पडद्यावर चित्र काढलं. काळं पाणी, पांढरा बांध, एका टोकाला घर. दुसऱ्या टोकाला नखाएवढा पोरगा.

यतीननं कळा दाबल्या. पोरगा हलला नाही.

"अर्धाच राहिला वाटतं खेळ..."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा लावला. पोरगा बांधाच्या मधोमध.

"तू चालवलास रं?"

"नाही काकू... बंद केला की हा सगळं विसरतो. दरवेळी पहिल्यापासनं..."

हळदीच्या संध्याकाळी पोरगा घराच्या दारात होता. पाठमोरा. खोलीत खारट चिखलाचा वास कोंदला.

"आजी, गटार तुंबलंय का गं?" कृतिकानं नाकाला पदर लावला.

लवू मिठागरावरनं आला की त्याच्या पायांना येणारा वास सरूबाईला कुणी सांगायला नको होता.

पोरगा दाराशी नुसता उभा. थोरला लेक बाळाराम आईजवळ टेकला. हलक्या आवाजात म्हणाला, "आये... आता तरी घे त्याचं नाव. किती वर्सं भायेर हुबा हाय त्यो..."

सरूबाई मांडवात बसली. आजेसासरे बोलावले, सासरे बोलावले, नवरा बोलावला. मग गाणं थांबलं. कुणीतरी पाणी पुढे केलं, तिनं ते बाजूला सारलं.

"लवू बाला... ये रं... मांडवात ये..."

आतून यतीननं हाक मारली. पडद्यावरचं दार बंद झालं होतं आणि बांध मोकळा होता. त्यानंतर कितीदा कॅसेट लावली, पोरगा पुन्हा दिसला नाही.

सरूबाई रडली नाही. मागच्या खोलीत तिनं त्याच्यासाठी पान वाढलं. भात, वाल, तळलेले बोंबील, कडेला मीठ. लहानपणी लवू आधी बोटानं मीठच चाटायचा, ती हातावर चापटी द्यायची, "मीठ खायालाच जल्मलास काय रं!" दार ओढून घेतलं आणि ती बाहेर पाहुण्यांत बसली.

वाजंत्री थांबल्यावर उघडलं. भात तसाच, वाल तसेच, बोंबील तसेच. मीठ नव्हतं. त्या जागी ओल्या बोटाची रेघ होती, अजून वाळली नव्हती.

सरूबाईनं कुणाला हाक मारली नाही. चिमूटभर मीठ पुन्हा वाढलं, आणि पानाजवळच भिंतीकडे तोंड करून बसली. कुणी बघत असलं की तो जेवत नाही.