चिमणी पाणी का पीत नाही?

"हेच फांदी!" आंब्यावर चढलेल्या वच्छलानं आरोळी ठोकली. "दोघं बसले तरी मोडत नाही!"

"आन दोर कुठून आनतेस?" खालून केवलरामनं विचारलं.

"दोर आहे!" दुलारी टाळ्या पिटत म्हणाली. "बाबूजी सकाळपासून अंबाडीचा दोर वळून राहिले. आपल्या झोपाळ्यासाठीच असंल!"

झालं! तिघंही धूम पळत सुटली. केवलराम हा दुलारीचा चुलत भाऊ. गोंदियाला मामाकडे राहून शिकायचा, त्यामुळे सुट्टीत गावी आला की मधूनमधून हिंदी झाडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. यंदा सरकारनं नवे पैसे काढले होते. त्यातला एक चकचकीत पैसा त्याच्या खिशात होता आणि येताजाता तो सगळ्यांच्या नाकासमोर नाचवत असे. वच्छला शेजारच्या घरची. तिच्या तोंडाला लगाम म्हणून नव्हता, पण दुलारीसाठी ती जीव टाकायची.

अंगणात दुलारीचे बाबूजी, जीवनलाल, दोराला पीळ देत बसले होते.

"बाबूजी, झोपाळ्याले ना?"

"नाही बेटा." त्यांनी मान वर केली नाही. "चिमणीसाठी वळून राहिलो. या बाजारी तिले गोरेगावले नेऊन विकतो."

दुलारीच्या पायांखालची जमीनच सरकली. चिमणी म्हणजे त्यांची म्हैस. जन्मली तेव्हा इतकी किडमिडी होती, की घरात सगळ्यांनी आशा सोडली होती. दुलारीनं चिंधी दुधात बुडवून बुडवून तिला जगवलं आणि नाव ठेवलं चिमणी. आता ही चिमणी दारात आडवी उभी राहिली तर घरात अंधार व्हायचा, तरी नाव तेच!

"काऊन जी?"

"धड पानी पेत नाही. दूध आटलं. बरगड्या दिसून राहिल्या. आतून काही रोग असंल." जीवनलालांनी पीळ आणखी आवळला. "माह्या डोळ्यापुढं मरंल, ते मले पाहवनार नाही. कोनी जानकार घेईल त वाचंल."

दुलारी गोठ्यात धावली. चिमणीच्या गळ्यात हात टाकून ती पोटभर रडली. चिमणीनं आपली खरखरीत जीभ तिच्या कानावरून फिरवली, तेव्हा तर तिला आणखीच रडू आलं.

संध्याकाळी तिघं मिळून चिमणीला नाल्याच्या डोहावर घेऊन गेली. डोंगरातून येणारा हा नाला म्हणजे गावाचा जीव. भर उन्हाळ्यातसुद्धा डोहात पाणी असे. डोहाकाठच्या वाळूत खड्डा करून काढलेला झिरा होता, त्यातून सगळा गाव पिण्याचं पाणी भरायचा.

डोह दिसताच चिमणी चक्क धावत सुटली! पाण्यात तोंड घातलं, फुर्रकन नाक झाडलं आणि मान फिरवून उभी राहिली. दुलारीनं डोळे पुसले आणि ती बघतच राहिली.

"वच्छे, तहान नसती त ते धावली कायले असती?"

"खरंच की वं!"

"चिमणी बिमार नाही. पानी बिमार आहे!"

केवल एकदम उसळला. "मी त आल्यापासून सांगून राहिलो, या पानीले बदबू आहे! पन माय म्हनते, गोंदियाले जाऊन तुझं नाक लय लांब झालं!"

वच्छलानं ओंजळ भरून हुंगली. "मले त काही येत नाही."

"तू रोज पेतेस. मी बाहेरून आलो ना!"

गावात बऱ्याच पोरांची पोटं दुखत होती, हेही दुलारीला आठवलं. मोठी माणसं सगळा दोष कैऱ्यांना देत होती आणि कैऱ्या खाल्ल्या म्हणून पोरांचे कान उपटत होती. बिचाऱ्या कैऱ्या!

"उद्या चिमणीले घेऊन वर जाऊ," दुलारी म्हणाली. "जिथं ते पानी पेईल, तिथवर पानी चांगलं. नाकावर भरवसा ठेवाचा त तिच्याच!"

सकाळी चरायला नेतो असं सांगून मंडळी निघाली. पुढे चिमणी, मागे तिघं जण. साजा आणि तेंदूच्या झाडांतून नाल्याच्या कडेनं चढ लागला. थोडं चाललं की दुलारी चिमणीला पाण्यावर न्यायची, चिमणी नाक झाडायची आणि वच्छला म्हणायची, "नापास!"

शेवटी ती जागा आली, जिथं डोंगराच्या दोन बाजूंनी दोन धारा उतरून एक होत होत्या. चिमणीला आधी उजव्या धारेवर नेलं. तिनं हुंगलं. कान हलवले. आणि मग जे गटागटा प्यायला सुरुवात केली, ती थांबेचना! तिचं पोट दोन्ही बाजूंनी फुगत गेलं. दुलारी तिच्या पाठीवर गाल टेकून हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

डाव्या धारेवर नेलं, तर फुर्र!

"फैसला हो गया!" केवल ओरडला. "चोर डावीकडं आहे!"

डावीकडे जसजसं वर जावं तसतसा वास वाढत गेला. आता तर वच्छलानंही पदर नाकाला लावला. पाण्याला आधी गुलाबी झाक आली, मग ते विटकरी झालं, आणि एका वळणावर तर लालभडक!

"माय वं! रगत!"

"रगत नाही, लाख आहे," दुलारी हळूच म्हणाली. झुडपाआडून तिला सगळं दिसत होतं. एका छपराखाली मोठाल्या नांदा मांडल्या होत्या. माणसं त्यांत उतरून पायांनी लाख तुडवत होती. लाख म्हणजे पळसाच्या फांद्यांवर किडे करतात तो राळेसारखा थर. तो खरवडून, कुटून, धुऊन घेतला की विकायला तयार होतो. धुतलेलं लाल, कुजकट पाणी मात्र सरळ नाल्यात सोडलं जात होतं!

तेवढ्यात लाखेचं काम पाहणारे छोटेलाल मुनीम छपरातून बाहेर आले. गोल पोट, डोक्यावर काळी टोपी, हसरा चेहरा. कमरेला पाण्याचा तुंबा होता. तो घेऊन ते नांदांच्या बरेच वर, खडकातल्या झऱ्यापाशी चढून गेले, तुंबा भरून घेतला आणि घुटका घेऊन म्हणाले, "वाह!"

दुलारीला राहवलं नाही. ती सरळ पुढे झाली. "मुनीमजी, तुमचं पानी वरतून भरता, आन आमाले हे लाल पानी पाठवता?"

मुनीम दचकले, मग मोठ्यानं हसले. "अरे बेटी, बहता पानी है! चार पावलं गेलं की आपोआप साफ. घरी जा, ऊन लागेल!" आणि त्यांनी खरोखर लाडानं तिघांच्या हातावर गुळाचा एकेक खडा ठेवला. वच्छलानं तो खाऊन टाकला. "गूळ मुनीमचा असला तरी गूळच आहे," ती म्हणाली.

घरी येऊन दुलारीनं सगळं सांगितलं. जीवनलालांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चिमणीसाठी तुझा जीव तुटून राहिला, ते कळते मले. पन मुनीम भला मानूस आहे. आन झिऱ्याचं पानी पाय, कसं नितळ आहे!"

खरंच, वाळूतून झिरपून येताना लाल रंग गळून जायचा. रोज थोडं थोडं पाणी बिघडलं, त्यामुळे गावाच्या नाकालाही वासाची सवय झाली होती. आता कोणाला काय दाखवायचं?

बाजार दुसऱ्या दिवसावर आला. दुपारी मुनीम लाखेच्या गाड्या ठरवायला पाटलांकडे येणार, असं कळलं आणि दुलारीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"वच्छे, घरी पाव्हना आला की आधी काय देते?"

"पानी. का वं?"

"मंग देऊ ना!"

केशोराव पाटलांच्या ओसरीवर गावातली मोठी माणसं जमली होती, जीवनलालही होते. भर उन्हातून मुनीम घाम पुसत आले आणि धपकन बसले. दुलारी पुढे झाली. चिंचेनं घासून लखलखीत केलेला पितळेचा तांब्या तिनं त्यांच्यासमोर ठेवला.

"झिऱ्याचं आहे जी. ताजं."

मुनीमांनी तांब्या उचलला. ओठांपाशी नेला. नाक मुरडलं आणि खाली ठेवला.

"तहान नाही, बेटी."

ओसरीवर चुळबूळ झाली. डोंगर उतरून आलेल्या माणसाला तहान नाही? आणि दारचं पाणी कोणी असं परत करतं? मुनीम ओशाळले. सवयीनं त्यांचा हात कमरेच्या तुंब्याकडे गेला.

"ते वरच्या झऱ्याचं आहे!" केवल ओरडला. "नांदाच्या वरचं!"

दुलारी आणखी पुढे सरकली. "मुनीमजी, आमची चिमणीबी हेच पानी पेत नाही. बाबूजी म्हनते, ते बिमार आहे. उद्या तिले बाजारात नेऊन राहिले. तुमीबी नाही पेत जी."

"मंग पाटीलबाबा," वच्छलानं विचारलं, "यायलेबी उद्या बाजारात नेता का?"

पाटलांना हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. त्यांनी तांब्या उचलून नाकापाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग तो जीवनलालांकडे दिला. जीवनलालांनी हुंगलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

"हे आपून लेकरायले पाजून राहिलो?"

मुनीम मान खाली घालून बसले होते. शेवटी त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "बेटी, माझ्या नातवाला मी हे पाणी दिलं नसतं. तुमच्या लेकरांना रोज दिलं. गलती झाली."

पाटलांनी तिथंच ठरवलं: लाख धुणं बंद, नाल्यापासून लांब, मुरमाड माळावर त्या लाल पाण्यासाठी खोल खड्डा झाल्यावरच पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी बाजाराला न जाता गावची माणसं कुदळी घेऊन डोंगर चढली. मुनीमही धोतर खोचून माती उपसू लागले. तोवर गावानं उजव्या धारेचं पाणी भरलं. वळवाचा एक जोरदार पाऊस झाला, नाला धुऊन निघाला, आणि पोरांनी झिऱ्यातली जुनी वाळू काढून नवी भरली.

मग एका सकाळी सगळा गाव डोहाकाठी जमला. दुलारीनं चिमणीला आणलं. शेजारी छोटेलाल मुनीम झिऱ्याचा तांब्या भरून उभे.

"प्या ना मुनीमजी!" कोणीतरी म्हणालं.

"आधी तिला पिऊ द्या," मुनीम गंभीरपणे म्हणाले.

चिमणीनं तोंड खाली नेलं. हुंगलं. दुलारीनं श्वास रोखला. चिमणीनं एक कान हलवला, मग दुसरा... आणि गटागटा पिऊ लागली! एकच गलका झाला. मुनीमांनी तांब्या एका दमात रिकामा केला आणि दुसरा मागितला.

"तुमी तिघं नसते, त आमी नाक असून बिननाकाचे होतो," पाटील म्हणाले. "आता दर उन्हाळ्यात झिरा काढला की पयला घोट चिमणीचा. ते पेईल तवाच गाव पेईल!"

जीवनलाल घरी गेले आणि अंबाडीचा तो नवा दोर खांद्यावर टाकून पोरांमागोमाग आंब्याखाली आले.

"मी म्हशीत खोट पाहात होतो बेटा," ते दुलारीला म्हणाले. "पाह्याची होती पान्यात. तुले दिसली."

मग त्यांनी वर पाहून विचारलं, "कोनती फांदी वं वच्छला?"

"ते! दोघं बसले तरी मोडत नाही!"

जीवनलालांनी दोर फांदीवरून टाकला, स्वतः लोंबकळून तीनदा ओढून पाहिला आणि पहिला झोका दुलारीला दिला.