आम्ही काही ऐकलं नाही

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर तिच्यात माझ्या आईला आणलं नसतं.

साल १९७४. मे महिना. नागपूरला लागून वाडी आहे ना, अमरावती रोडवर, तिथली गोष्ट. ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे भाड्याच्या खोल्यांची एक लाईन होती. बाबा ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरी माझी आई मनकर्णा अन् मी, बारा वर्षांची यमू.

शेवटच्या खोलीत नत्थू हमाल राहायचा. एकटाच. आईला वहिनी म्हणायचा. गोदामाचा जमादार चंपतराव साखरेची पोती परस्पर विकतो, हे त्यानं पाहिलं. पाहिलं ते पाहिलं, चार माणसांत बोलूनही दाखवलं.

एका दुपारी चंपतरावाची माणसं आली.

बाहेर लू चालली होती, अंग भाजणारा वारा. सगळी दारं लोटलेली.

"वहिनी वं! दार उघडा... मारून राहिले मले!"

आधी आमचं दार. मग शेजारच्या देवरावचं. मग त्याच्या पुढचं... एकेका दारावर हात आपटत गेला तो.

आईनं दाराला आतून अडसर लावला.

मग आवाज थांबला.

संध्याकाळी लाईनीच्या टोकाला नत्थूचा मुडदा सापडला. पोलिसांनी लाईनभर विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर. "आम्ही काही ऐकलं नाही, साहेब. झोपून होतो." आईनंही तेच सांगितलं. देवराव म्हणे, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." अन् चंपतराव? तो दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मिशीला पीळ देत उभा!

मीही ऐकलं होतं. पण पोरीला कोण विचारते?

महिना झाला असेल. दुपारची वेळ. आई तांदूळ निवडत होती.

अन्...

"वहिनी वं... दार उघडा..."

नत्थूचा आवाज! अगदी तोच.

सूप हातातून सुटलं. लाईनभर धडाधड दारं लागली. कोणी उदबत्ती लावली, कोणी देवाचं नाव घेत बसलं.

संध्याकाळी देवराव कामावरून आला. त्याची म्हातारी माय पार्वतीबाई न्हाणीत पडलेली. खुबा मोडला होता.

"दुपारपासून बोंबलून राहिली मी! एक मेलं आलं नाही!"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारीचा आवाज कोणालाच आला नव्हता. आला होता तो...

पुढे लाईनीतल्याच गोपिकाच्या खोलीत भरदुपारी चोर शिरला. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. आम्हाला ऐकू आला नत्थूच.

आता सगळ्यांना कळलं होतं. तो आवाज आला म्हणजे लाईनीत कोणीतरी संकटात आहे. पण बाप्पा, खरंच तोच असला तर? दार उघडणार कोण?

कोणी उघडत नव्हतं.

त्या दिवशी मी किराण्याच्या दुकानातून येत होते. पिसाळलेल्या कुत्र्यानं माझी पोटरी धरली. सोडेना. मी तशीच फरफटत दारापाशी आले.

"आई! दार उघड वं, आई!"

मी दारावर हात आपटला.

"आई!"

आणि आतून अडसर लागल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

रस्त्यावरच्या एका सरदारजी ड्रायव्हरनं धावत येऊन कुत्र्याला लोखंडी पान्यानं हाणलं. तो त्याच दिवशी नागपुरात आला होता. लाईनीकडे पाहून ओरडला, "बहरे हो क्या सब? बच्ची चिल्ला रही है!"

तेव्हा कुठे दार उघडलं. मला पाहून आईनं कपाळ बडवून घेतलं.

"यमे, मले नत्थूभाऊचा आवाज आला वं... तुहा नाही आला."

माझ्या पोटात इंजेक्शनं सुरू झाली. पहिलंच घेऊन आम्ही परत निघालो, तर आई घरी न येता मला पोलीस चौकीत घेऊन गेली.

"साहेब, म्या ऐकलं होतं. नत्थूनं माह्याच दारावर हात मारला होता. लिहून घ्या."

हवालदार म्हणाला, "तवा काहून नाही बोलल्या, बाई? केस बंद झाली. जा, पोरीले सांभाळा."

आई परत तेच सांगू लागली, तर त्यानं वही मिटून टाकली.

पुढे आम्ही नागपुरातच जरीपटक्याला राहायला गेलो. तिथेच नऊ वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवशी मला रडू आवरेना. तिचा हात धरून मी हाका मारत होते.

तिनं हात सोडवून घेतला... अन् कान झाकले.

"म्या सांगतलं गा, नत्थूभाऊ... त्याइनं लिहून नाही घेतलं..."

"आई, मी आहे वं. यमू."

ती माझ्याकडेच पाहत होती. पाहता पाहता तिनं मला हात जोडले.

"चुकलंच माहं. पण माह्या यमीचा आवाज तेवढा परत दे गा."

मी हाका मारत राहिले. ती नत्थूचीच माफी मागत राहिली. तशीच गेली.

आता मला मुलं आहेत. त्यांना मी लांबून हाक मारू देत नाही. कितीही घाई असो, जवळ येऊन बोला म्हणते. त्या दुपारी मीही ऐकलं होतं... मग त्यांची हाक मला कोणाच्या आवाजात ऐकू येईल, काय सांगावं?