चार तांबड्या चकत्या

“पळपुट्याच्या लेकीनं विमानाचं नाव काढू नये!”

सुई ताईंच्या बोटात रुतली... धाकट्या भावाच्या गणवेशावर पाचवी चांदणी टाचत त्या खिडकीशी बसल्या होत्या. आज दुपारी चौकात त्याच्या जुन्या लढाऊ विमानाचा गौरव व्हायचा होता. विमानाच्या नाकावर पाच चांदण्या, पाडलेल्या प्रत्येक शत्रुविमानाची एक! आणि त्याच शूरवीराने भाचीचा, ताईंच्या लेकीचा, वैमानिक-शाळेचा अर्ज टेबलावर भिरकावला होता. अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना तिने नेहमीप्रमाणे कोराच ठेवला होता.

“मामा, शिफारशीची सही तेवढी मागितली मी.”

“तुझा बाप ऐन लढाईत मला सोडून पळाला अन् मेला. माझी सही मिळायची नाही!”

त्या लढाईला बावीस वर्षं झाली! आईविना पोरक्या झालेल्या या भावाला ताईंनीच लहानाचं मोठं केलं होतं. त्याच्या जोडीने उडणारा नवरा युद्धात गेला, पळपुट्याची बायको म्हणून लोकांनी बोटं मोडली, तरी त्या याच घरात मुकाट राबल्या... पण चोराच्या उलट्या बोंबा किती ऐकायच्या?

ताई उठल्या. शिवणाच्या डब्याच्या तळातून त्यांनी चार तांबड्या कापडी चकत्या काढून टेबलावर आपटल्या.

“ओळखलंस?”

भाऊ पांढराफटक पडला. धूळ जाऊ नये म्हणून उड्डाणाआधी विमानाच्या बंदुकांच्या तोंडावर अशा चकत्या चिकटवत. पहिल्याच गोळीला त्यांच्या चिंध्या होत. या चारही शाबूत होत्या.

“तुझ्या बंदुका भरणाऱ्या मिस्त्रीनं त्या लढाईनंतर तुझ्या विमानावरून काढल्या, त्याच महिन्यात मला आणून दिल्या. त्या दिवशी तू एकही गोळी झाडली नाहीस! मग पाचवं विमान पाडलं कुणी? बोल ना!”

“भावजींनी...” त्याने चकत्या हातात घेतल्या. “शत्रूचं विमान माझ्या पाठीवर आलं होतं. माझे हातच गोठले, ताई! मला वाचवताना ते गेले. खाली उतरलो तर सगळे मला खांद्यावर घ्यायला धावले... एक खोटं बोललो, ते झाकायला दुसरं. पण तू गप्प का राहिलीस गं?”

“तुझी अब्रू गेली असती. तू मला पोराच्या जागी होतास.”

“आणि मी?” लेक पुढे आली. “शाळेतून रडत यायचे, तेव्हा तू नुसते डोळे पुसलेस! बाबांची अब्रू मामाला देऊन टाकायचा हक्क तुला कुणी दिला, आई?”

जन्मभर ज्याला त्या त्याग समजत आल्या, तो भोगला होता या पोरीने!

“चुकलं गं माझं...”

लेकीने टेबलावरचा अर्ज उचलला.

दुपारी चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. गणवेशावरच्या सगळ्या चांदण्या उसवून भाऊ माइकपुढे उभा राहिला.

“चार विमानं मी पाडली. पाचवं माझ्या मेव्हण्यांचं. ते पळाले नव्हते. मी खोटं बोललो.”

टाळ्या थांबल्या. गर्दीतून कुणीतरी शिवी हासडली. त्याने मान खाली घालून ती ऐकून घेतली. मग खाली येऊन त्याने भाचीपुढे हात पसरला. “दे तो अर्ज. सही करतो.”

“तुमची सही आता नको, मामा.”

तिने अर्ज पहिल्या रांगेत बसलेल्या आईच्या मांडीवर ठेवला, कोऱ्या रकान्यावर बोट टेकवलं आणि हातात पेन दिलं.

“हे तू लिही, आई.”

डोळ्यांतल्या पाण्याने अक्षरं दिसेनात... तरी ताईंनी एकेक अक्षर ठसठशीत काढलं: लढाऊ वैमानिक.