वारा-सुट्टी

"शीड सोड! रेडिओ, शीड सोडून दे!"

शिकवणारी ताई कंबरभर पाण्यात उभी राहून ओरडत होती. पण सतत बडबडणारा रेडिओ आपल्याच आनंदात होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो शिडाच्या फळीवर न डगमगता उभा राहिला होता. हातात आडवा दांडा, समोर टम्म फुगलेलं लाल शीड! फक्त एकच गडबड होती. फळी किनाऱ्याकडे यायचं सोडून थेट खोल पाण्याकडे निघाली होती.

ते लक्षात आल्यावर मात्र तो घाबरला आणि धपकन पाण्यात पडला. फळीवर चढून, शीड आडवं टाकून, शिकवलं होतं तसा पालथा पडून हातांनी पाणी मारू लागला. तरी दूरच चालला. शेवटी भिंगरीच्या काकांनी मोटरबोट काढली आणि खोल पाण्यातल्या खडकांच्या अगदी जवळून त्याला उचलून आणलं.

"वाचलो!" रेडिओचे दात वाजत होते. "पण उभा कसला भारी राहिलो होतो! पाहिलंत ना?"

"पाहिलं की," वर्गातला लंबू म्हणाला. "उभ्या उभ्या पळून चालला होतास."

भिंगरीला हसू आलं, पण काकांचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

"परवा त्या दोघी बहिणी वाहून गेल्या, आज हा!" काका ताईला म्हणाले. "अगं, तू यांना वळायला शिकवतेस की नाही?"

"शिकवते, काका."

"मग वारा किनाऱ्याकडे असताना पोरं बाहेर कशी जातात? ती बघ फीत!"

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. खांबाच्या टोकाची नारिंगी फीत हलक्या वाऱ्यावर किनाऱ्याकडेच वळली होती.

"उद्याचा वर्ग घे," काका म्हणाले. "त्यानंतर मी दुसरा माणूस बघतो. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे." आणि ते वर सज्जातल्या आपल्या खुर्चीकडे निघून गेले.

तो खांब भिंगरीच्या बाबांनी रोवलेला होता. शिडाच्या फळ्यांची ही शाळाही त्यांचीच. गेल्या हिवाळ्यात ते गेले आणि शाळा त्यांच्या धाकट्या भावाकडे, काकांकडे आली. काकांनी किनाऱ्यावर दुमजली इमारत बांधली. खाली कपडे बदलायच्या खोल्या, वर खाऊचं दुकान. खांब इमारत आणि पाण्याच्या मधेच येतो म्हणून गवंडी तो काढायला निघाले, तेव्हा भिंगरीने खांबाला मिठी मारली होती. काकांचेही डोळे भरून आले होते. "दादाच्या हातचा आहे," ते गवंड्यांना म्हणाले. "तो हलवायचा नाही."

बाबा सगळ्या गावाच्या पोरांना शिकवायचे. भिंगरी मात्र कधी शिकली नव्हती. दरवेळी "उद्या, बाबा!" म्हणून ती शंख-शिंपले वेचायला पळायची. बाबाही हसून म्हणायचे, "उद्या तर उद्या! वारा काय, उद्याही असेल."

आता ती ताईकडून शिकत होती. ताई बाबांची जुनी विद्यार्थिनी. "दोन पायांत खांद्यांएवढं अंतर. वाऱ्याकडे पाठ. शीड पाठीने ओढायचं नाही, अंगाचं वजन मागे टाकायचं," असं ताई सांगायला लागली की भिंगरीला वाटायचं, शब्द ओळखीचे आहेत, फक्त आवाज दुसरा आहे.

फळ्यांच्या खोलीत ताई गोड्या पाण्याने शिडं धूत होती. तिघं तिथे पोचले तेव्हा तिने घाईने तोंडावर पाणी मारलं.

"ताई, तू खरंच जाणार?" रेडिओने विचारलं.

"माझंच काहीतरी कमी पडतंय रे. सर शिकवायचे तेव्हा एकही मूल असं वाहून गेलं नाही. वारा आत आणतोय आणि मुलं बाहेर जातायत! मी रोज रात्री आठवत बसते, सर वळायला शिकवताना अजून काय सांगायचे?"

"बाबा वारा-सुट्टी पण द्यायचे," भिंगरी हळूच म्हणाली.

"कसली सुट्टी?" लंबूने कान टवकारले. तो यंदाच शिकायला आला होता.

"फीत पाण्याकडे उडायला लागली की बाबा कुणाला पाण्यात सोडायचे नाहीत. म्हणायचे, नवशिक्याने परत आणणाऱ्या वाऱ्यावरच शिकायचं, नेणाऱ्या वाऱ्यावर नाही. त्या दिवशी सगळे वाळूवर फळ्या ठेवून सराव करायचे." ती थांबली. "ताई, यंदा एकदाही वारा-सुट्टी कशी नाही मिळाली?"

ताईचा हात शिडावरच थांबला. "खरंच की! पण फीत रोज किनाऱ्याकडेच असते. मी स्वतः बघते."

"फीतच चुकत असेल तर?" लंबू म्हणाला.

"काहीतरीच! सरांची फीत आहे ती," ताई म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

कोपऱ्यात एक फाटकं शीड पडलं होतं. लंबूने ताईला विचारून त्याची एक लांब पट्टी कापली आणि तिघं धक्क्यावर पळाले. लाकडी धक्का इमारतीपासून सरळ पाण्यात जात होता.

सुरुवातीला पट्टी उंच धरली, तर ती किनाऱ्याकडे उडाली. "फीत बरोबर आहे!" भिंगरीला हायसं वाटलं. अर्ध्यावर पोचले, तर पट्टी मलूल होऊन लोंबायला लागली. आणि टोकाला पोचताच ती फडफडत उलटी फिरली. सरळ खोल पाण्याकडे!

"वारा येडा झालाय!" रेडिओ ओरडला.

लंबू मात्र मागे वळून पाहत होता. "वारा शहाणा आहे. इमारत बघ. वारा जमिनीवरून येतोय, इमारतीवरून उडी मारून पाण्यात जातोय. ओढ्यात मोठ्या दगडामागे पाणी कसं उलटं फिरतं? तसा इमारतीच्या आडोशाला, पाण्याकडच्या बाजूला, थोडासा वारा उलटा फिरतोय. आणि खांब नेमका त्यातच!"

"शाब्बास रे लंबू! सापडला चोर!" रेडिओने उडी मारली. "चला, काकांना सांगू! खांब उपटून..." त्याचं लक्ष भिंगरीकडे गेलं आणि तो चक्क गप्प झाला.

भिंगरी खांबाकडे पाहत होती. इथून तो किती बुटका दिसत होता! इमारतीच्या छपरापर्यंतही पोचत नव्हता.

"मी धरून बसले, म्हणून तो तिथे राहिला," ती म्हणाली.

"काकांनी पण ठेवलाच ना," लंबू म्हणाला. "आपण... आपण नाही सांगितलं तर?"

"मग ताई जाईल. आणि अजून कुणीतरी खडकांवर जाईल." तिने डोळे पुसले. "चला."

पण काकांनी ऐकूनच घेतलं नाही. "दादाची फीत खोटी? आणि ते तुम्ही मला सांगणार? पळा, जेवायला जा!"

"काका खुर्चीतून उठत नाहीत, हाच सगळा घोळ आहे," बाहेर आल्यावर रेडिओ म्हणाला.

"फोटो काढायला उठतात," भिंगरी म्हणाली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात फाटक्या शिडाची एकेक पट्टी होती. "काका, ताईचा शेवटचा वर्ग आहे! एक फोटो तरी काढा ना!" रेडिओ इतक्या गोड आवाजात म्हणाला की लंबूला खोकला आला.

काका लगेच फोन घेऊन वरच्या सज्जात उभे राहिले. धक्क्यावर सुरुवातीपासून टोकापर्यंत मुलं ओळीने उभी राहिली आणि सगळ्यांनी पट्ट्या डोक्यावर धरल्या.

"छान! हसा! अरे, टोकाची पोरं, पट्ट्या नीट धरा! सगळ्यांच्या एका बाजूला पाहिजेत! इकडे करा, इकडे!"

"आम्ही नुसत्या धरल्यात, काका!" टोकावरून लंबू ओरडला. "वाऱ्याला रागवा!"

मुलं खो खो हसली. काका हसले नाहीत. त्यांनी फोन खाली घेतला. जवळच्या पट्ट्या किनाऱ्याकडे, मधल्या मलूल, टोकाच्या पाण्याकडे. ते जिना उतरून धक्क्यावरून चालत थेट टोकापर्यंत गेले. तिथे त्यांची टोपी उडाली आणि पाण्यावरून खडकांच्या दिशेने पळत सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत काका पाहत राहिले.

"ती फीत बघून रोज मीच पाण्यात जायची परवानगी देत होतो," ते म्हणाले. मग ताईकडे वळले. "पोरी, तुझं काहीच चुकलं नव्हतं. मी तुला नको ते बोललो. तू जाऊ नकोस."

ताईने डोळे पुसत मान डोलावली. 

"आणि तुम्ही तिघं! शाबास रे! माझा बरोबर मामा केलात!" काकांनी लंबूच्या पाठीवर थाप मारली. "आज सगळ्यांना वारा-सुट्टी. इथे टोकाला उद्याच नवा खांब लावू. जुना राहू दे आहे तिथे. दादाची आठवण."

"नको, काका," भिंगरी म्हणाली.

"अगं, पण..."

"तो दिसला की सगळे त्याच्याकडेच बघणार. मी पण. काढून टाका."

काका, ताई आणि लंबू, तिघांनी खांब हलवून हलवून सैल केला. भिंगरीला वाटलं होतं, फार जोर लागेल. पण तो सहज निघाला. वाळूत गाडलेला भाग काळपट, ओला होता. तिघांनी उचलून तो फळ्यांच्या खोलीत आडवा ठेवला.

दुपारी आई आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भिंगरीला जवळ ओढलं. "मला नसतं जमलं गं हे सांगायला," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनीही हेच केलं असतं."

"मग ते शिकवायला तयार होते तेव्हा मी का नाही शिकले, आई?"

 आई भिंगरीच्या केसांतली वाळू काढत राहिली.

संध्याकाळी रेडिओ आणि लंबूने खड्ड्यात वाळू लोटली. मग लाटा आल्या आणि गेल्या. घरी निघताना भिंगरी परत एकदा तिथे गेली. सगळीकडे वाळू सारखीच झाली होती. खांब नेमका कुठे होता, ते तिला सांगता येईना.