एक लाख वेळा दाबलेले बटण

पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'आपली विनंती पूर्ण झाली आहे. धन्यवाद.'

बारा वर्षांच्या सगुणा झोरेने ते वाचले आणि ती आल्या पावली घराकडे पळत सुटली. अंगणात तिचा सहा वर्षांचा भाऊ बिरू पाय धरून बसला होता. गवताच्या गंजीजवळ त्याला घोणस चावली होती.

"ड्रोन निघालाय," ती धापा टाकत म्हणाली. "हलू नकोस. आत्ता येईल बघ."

दोघे आकाशाकडे बघत बसले. दहा मिनिटे गेली, वीस गेली, चाळीस गेली. बिरूचा पाय सुजून काळानिळा पडला. पठारावरच्या पवनचक्क्या संथपणे फिरत होत्या. त्यांच्यामधून काहीच उडत येताना दिसले नाही.

वस्तीवरची सगळी मोठी माणसे त्या दिवशी पठाराच्या पलीकडच्या टोकाला नाचणीच्या कापणीला गेली होती. दुपारी सगुणाचे वडील, आबा, परतले, तेव्हा त्यांनी बिरूला खांद्यावर टाकले आणि ते घाट उतरू लागले. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत बिरू पोचला नाही.

पेटीने 'पूर्ण झाली' असे सांगितले होते. मग ड्रोन का आला नाही?

ही गोष्ट सन २०४३ मधली. त्या वर्षी डोंगरातल्या प्रत्येक वस्तीवर 'औषधदूत' नावाची पेटी बसवली गेली होती. पेटीतून हाक गेली की खालच्या आरोग्य केंद्रातून औषध घेऊन ड्रोन (माणूस न बसता उडणारे छोटे यान) निघायचा आणि त्याच क्षणी वस्तीवरच्या आरोग्यसेविकेच्या मनगटावरचा पट्टा वाजायचा. ड्रोनला सगुणाच्या झोरेवस्तीवर पोचायला अकरा मिनिटे पुरत.

पंधरा दिवसांनी चौकशीचा अहवाल आला. एका अधिकाऱ्याने तो समाजमंदिरासमोर वाचून दाखवला. "यंत्रणेत कोणताही बिघाड आढळला नाही. वापरकर्त्याने चुकीचे बटण दाबले."

वापरकर्ता म्हणजे यंत्र वापरणारा माणूस. त्या दिवशी यंत्र कोणी वापरले होते, हे सगळ्यांना माहीत होते. माना हळूहळू सगुणाकडे वळल्या. आईने पदर तोंडाशी नेला. आबा काहीच बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. कोणते बटण चुकीचे, ते अहवालात लिहिलेच नव्हते, आणि त्यानंतर पेटीचे झाकण उघडायला कोणी धजले नाही.

सगुणाने कशालाच बोट लावायचे सोडून दिले. घरातला दिवा तिच्या आईने लावायचा. शाळेत संगणकावर उत्तर द्यायची वेळ आली, की ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची. गुरुजी रागावले नाहीत, पण त्यांनाही काय करावे ते सुचत नव्हते.

डिसेंबरात एक जीप वस्तीवर आली. तिच्यातून चौसष्ट वर्षांच्या एक बाई उतरल्या. त्यांच्यामागून गुडघ्याएवढ्या उंचीचा, एकच लांब हात असलेला यंत्रमानव उतरला. त्या हाताच्या टोकाला रबरी बोट होते.

"मी मालिनी हर्डीकर," दारात उभ्या असलेल्या आबांना त्या म्हणाल्या. "तुमच्याकडची पेटी ज्या कंपनीने बनवली, तिथे मी चाचणी विभागाची प्रमुख होते. पेटी नीट चालते असं लिहून खाली सही केली, ती मी. चौकशीचा अहवाल वाचला आणि नोकरी सोडली."

"मग आता इथं काय काम काढलंत?" आबांनी विचारले.

"मुलीशी बोलायचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर परत जाते."

 आबांनी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि ते मेंढरांकडे निघून गेले.

सगुणा भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारले, "बाई, माझंच चुकलं ना?"

"ते मला अजून माहीत नाही. माहीत नसलं, की आम्ही चाचणी घेतो."

"चाचणी म्हणजे परीक्षा?"

"हो, पण यंत्राची. पेटीच्या आत सॉफ्टवेअर असतं (यंत्राने कधी काय करायचं, हे सांगणाऱ्या सूचनांची मालिका). त्या सूचना माणसं लिहितात आणि माणसं चुकतात. ती चूक लोकांच्या आधी आपल्याला सापडावी, म्हणून चाचणी. आधी एकेक भाग तपासायचा. बटण दाबलं जातं का, पडदा उजळतो का. मग सगळे भाग जोडून तपासायचं. बटण दाबल्यावर खरंच ड्रोन उडतो का. मग एकाच वेळी हजार पेट्यांतून हाक मारायची आणि यंत्रणा कोलमडते का ते बघायचं. हे सगळं आम्ही केलं होतं. हा ठोक्या आमच्याकडे बटणं दाबायचं काम करायचा."

यंत्रमानवाने आपले बोट वर केले. "मी औषधदूतचं बटण एक लाख वेळा दाबलं," तो म्हणाला. "एक लाख वेळा ड्रोन उडाला. चुका शून्य."

सगुणा त्या बोटाकडे बघत राहिली.

"तू पळत आला होतास?" तिने विचारले.

"नाही."

"'निरस्त' म्हणजे काय, तुला माहीत होतं?"

"हो. माझ्या शब्दकोशात दोन लाख शब्द आहेत. निरस्त म्हणजे रद्द."

"तुझं कुणी अंगणात बसलं होतं?"

ठोक्याचा दिवा लुकलुकला. "प्रश्न समजला नाही," तो म्हणाला.

 मालिनीबाई म्हणाल्या, "त्या दिवशी काय झालं, ते मला सांगशील?"

सगुणाने पहिल्यांदाच ते सगळे कोणाला तरी सांगितले. झाकण उघडल्यावर चित्रे आली. तिने सापाचे चित्र बरोबर निवडले. मग अक्षरे आली, 'विनंतीची पुष्टी करावयाची असल्यास हिरवे बटण दाबावे. विनंती निरस्त करावयाची असल्यास लाल बटण दाबावे.' तिला पुष्टी कळले नाही, निरस्त कळले नाही. डोळ्यांत घाम जात होता. तिने लाल बटण दाबले.

"लालच का?"

"शाळेतली आगीची घंटा लाल आहे. रुग्णवाहिकेचा दिवा लाल आहे. लाल म्हणजे लवकर या."

"आमच्या कचेरीत लाल म्हणजे थांबा," मालिनीबाई म्हणाल्या. "तूही बरोबर, आम्हीही बरोबर. पण पेटी आमच्या कचेरीत बसवायची नव्हती."

"मग ती 'पूर्ण झाली' असं खोटं का बोलली?"

"खोटं नाही बोलली. रद्द करा, हीसुद्धा यंत्राच्या लेखी विनंतीच. ती त्याने पूर्ण केली आणि तसं कळवलं. ड्रोन येणार की नाही, एवढंच तुला हवं होतं. नेमकं तेवढंच त्याने सांगितलं नाही."

सगुणाने विचारले, "हे तुम्हाला आधी का नाही दिसलं?"

"दिसलं असतं. शेवटची एक चाचणी असते, वापरसुलभता चाचणी. ज्याच्यासाठी वस्तू बनवली, त्याला ती त्याच्या जागी, त्याच्या त्या वेळच्या अवस्थेत वापरता येते का, हे बघायचं. त्यासाठी इथे यायला हवं होतं. उद्घाटनाची तारीख ठरली होती, दहा दिवस उरले होते. मी कचेरीतल्याच सहा जणांना बोलावलं. त्यांनी खुर्चीत बसून, चहा पीत बटण दाबलं. सहाही जणांनी हिरवं दाबलं आणि मी सही केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिनीबाईंनी पेटीची ड्रोनशी असलेली जोडणी सोडवली आणि वस्तीवरच्या चौदा मोठ्या माणसांना खाली झऱ्यापाशी थांबवले. एकेकाने तिथून चढ पळत यायचे आणि सापाच्या औषधासाठी हाक मारायची. वर काय होते, ते खालच्यांना दिसता कामा नये. आधीच्याचे बघून दाबले, तर ती चाचणी कसली? ठोक्या पेटीशेजारी उभा राहून मोठ्याने सेकंद मोजत होता. सगुणा वही घेऊन बसली होती.

पहिल्या काकूंनी लाल दाबले. पडद्यावरचे वाचून "झालं बाई," म्हणत त्या समाधानाने बाजूला झाल्या. दुसऱ्याने हिरवे दाबले. तिसऱ्याने लाल. गुरुजींना दोन्ही शब्द माहीत होते, तरी त्यांचे बोट आधी लालवर गेले आणि मग मागे आले. तेरा जण झाले, तेव्हा वहीत आठ लाल रेघा होत्या.

शेवटी आबा आले. त्यांना यायचे नव्हते. पण चढ चढताना मध्येच त्यांची चाल बदलली. बिरूला उचलून ते ज्या वेगाने घाट उतरले असतील, त्याच वेगाने ते धावत वर आले. त्यांनी साप निवडला, पडद्याकडे क्षणभर बघितले आणि लाल बटण दाबले.

'आपली विनंती पूर्ण झाली आहे. धन्यवाद.'

"निघाला का ड्रोन?" आबांनी विचारले.

 ठोक्या म्हणाला, "नाही. आपण तो रद्द केलात."

आबा पेटीखालच्या दगडावर बसले.  मग त्यांनी सगुणाला जवळ बोलावले.

"मलाबी लालच दिसलं, पोरी."

"तुमचा माझ्यावर राग होता ना, आबा?"

"बोलाय गेलो असतो तर तोंडातनं वाईट शब्द गेला असता, म्हणून गप ऱ्हायलो," ते म्हणाले. "गप ऱ्हायलो तेच वाईट झालं." आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा सगुणा मोठ्याने रडली. त्या रडण्याने बिरू परत आला नाही. पण त्या रात्री आबा आणि ती एका ताटात जेवले.

मालिनीबाईंनी चाचणीची नोंद कंपनीला आणि सरकारला पाठवली. दोन महिने कोणाचेच उत्तर आले नाही. त्या दर सोमवारी पुन्हा पाठवत राहिल्या. शेवटी कंपनी हलली आणि एप्रिलमध्ये बदललेली पेटी तयार झाली. तिच्यावर एकच मोठे बटण होते, लाल, आणि त्यावर लिहिले होते 'बोलवा'. दाबल्यावर पेटी बोलून सांगायची, "ड्रोन निघाला आहे. अकरा मिनिटांत पोचेल." मग पडद्यावर अकरा, दहा, नऊ असे आकडे उतरत जायचे. पडद्यावरून हाक रद्द केली, तर ती स्पष्ट सांगायची, "ड्रोन येणार नाही."

मालिनीबाईंनी एकच अट घातली होती. ही पेटी बसवण्याआधी तिची चाचणी वस्त्यांवर होईल, आणि चाचणी घेणाऱ्यांत सगुणा असेल.

मे महिन्याच्या सुट्टीत त्या दोघी पलीकडच्या डोंगरावरच्या एका वस्तीवर गेल्या. भर दुपारी उन्हाच्या लखलखाटात पडदा कोणालाच दिसेना. एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा भेगाळलेला अंगठा बटणाला कळेना. एका आजींना ऐकू येत नव्हते, त्यामुळे पेटी काय बोलली ते त्यांना समजलेच नाही. एका लहान मुलाचा हातच तिथवर पोचला नाही. सगुणा एकेक चूक लिहीत गेली. चार वाजेपर्यंत एकोणीस झाल्या.

तिने वहीकडे बघितले आणि तिचा चेहरा उतरला. "बाई, एकोणीस! म्हणजे हीपण वाईटच निघाली?"

"या एकोणीस चुका काल रात्रीही पेटीत होत्या," मालिनीबाई म्हणाल्या. "आज सापडल्या. आणि आज या वस्तीवर कोणालाही काही चावलेलं नाही."

 सगुणाने वहीचे पान उलटले, त्यावर वीस हा आकडा लिहून त्यापुढची जागा मोकळी ठेवली आणि चढाखाली ताटकळत उभ्या असलेल्या माणसांना हाक मारली, "चला, पुढचं कोण?"