थोरल्यांचा ‘ओला टॉवेल’

सिनेमावर भांडायला अक्कल लागत नाही, बसायला खुर्ची लागते. आमच्या खुर्च्या सलूनच्या होत्या. सुट्टीच्या दुपारी सलूनवाला शटर अर्धं खाली ओढायचा आणि आमचं सुरू व्हायचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला आमचे फक्त पाय दिसायचे. आवाज मात्र चौकापर्यंत जायचा.

आम्ही चौघं. सलूनवाला, याचा हात हलका आणि जीभ जड. कंपाउंडर, याला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं असं याचंच मत. मास्तर, यांनी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे कुठलाही सिनेमा असो, यांना आधी त्यातला डोंगर आठवतो. आणि मी. जळलेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून नवी भरणं हा माझा धंदा. शाळा अर्ध्यात सोडली. जे काही शिकलो ते थिएटरच्या स्वस्त रांगेत आणि रद्दीतल्या मासिकांत. तोंड फटकळ, डोकं गरम. म्हणून ही मंडळी मला ‘फ्यूज’ म्हणतात. कधी उडेल सांगता येत नाही.

भांडण दोन दिग्दर्शकांचं. त्यांची खरी नावं जगाला पाठ आहेत, पण आमच्यात ते ‘थोरले’ आणि ‘धाकटे’. जसे काही आमचे काकाच. थोरल्यांच्या सिनेमात माणूस दारातून निघून फाटकापर्यंत पोचेस्तोवर बघणाऱ्याची दाढी वाढते. धाकट्यांच्या सिनेमात पापणी लवेपर्यंत दोन लग्नं आणि तीन खून उरकतात. मी थोरल्यांचा. सलूनवाला धाकट्यांचा.

“तुझे थोरले कॅमेरा लावायचे आणि जेवायला जायचे,” सलूनवाला म्हणायचा. “हात धुऊन आले की कट म्हणायचे.”

“आणि तुझ्या धाकट्यांना घास चावायचासुद्धा धीर नाही. कात्रीनंच जेवतात.”

“ए, या दुकानात बसून कात्रीला नावं ठेवायची नाहीत.”

“डोंगर मात्र थोरल्यांचेच खरे,” मास्तर मध्येच. आम्ही तिघंही त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचो.

एक नियम होता. ज्या सिनेमावर बोलणं चाललंय तो ज्यानं पाहिला नसेल त्यानं खुर्चीवरून उठायचं, बेसिनजवळच्या बाकड्यावर जाऊन बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. नियम चांगला. माणसं हलकट. कोणीही बाकड्यावर जाईना. सिनेमाचं नाव निघालं रे निघालं की “पाहिलाय!” सलूनवाला हात झटकून म्हणायचा, कंपाउंडर वर “दोनदा” जोडायचा, मास्तर डोळे मिटून नुसतं “हं” करायचे. बाकड्यावर कोण? मी. न पाहिलेला सिनेमा मी आयुष्यात कधी पाहिला म्हटलेला नाही. पोटात दुखलं तरी चालेल, पण ते एक सोंग मला जमत नाही. आणि हे तिघं माझ्यासमोर फिरत्या खुर्च्यांवर गोल गोल फिरत खोटं बोलायचे. मी ठरवलं, यांना उघडं पाडायचं.

त्या दुपारी थोडी शांतता झाली तेव्हा मी समोर बघितलं. आरशाशेजारच्या खिळ्यावर एक ओला टॉवेल लटकत होता.

“थोरल्यांचा ‘ओला टॉवेल’ कोणी पाहिलाय?” मी विचारलं.

हसू आवरायला मी गाल आतून दातांत धरला होता. असलं नाव कुठल्या सिनेमाला असतं का?

“पाहिलाय,” सलूनवाला.

“दोनदा,” कंपाउंडर.

“हं,” मास्तर. मग डोळे उघडून म्हणाले, “त्यात डोंगर नाही. पण गच्ची फार सुंदर घेतलीये.”

“तो टॉवेल वाळतच नाही, तोच ना?” सलूनवाला म्हणाला. “थोरल्यांचा तेवढा एकच मला आवडतो. धाकट्यांनी केल्यासारखा आहे.”

“काहीतरीच! धाकट्यांना ती गच्ची झेपली असती का?” कंपाउंडर उसळला, आणि तिघांची जुंपली. मी गप्प. मजा बघत होतो. काय सफाईनं खोटं बोलतात, वा! नोकरी मिळाली पाहिजे यांना.

“फ्यूज, तू का गप्प?” सलूनवाल्यानं विचारलं. “पाहिला नाहीस? मग जा बाकड्यावर.”

मी खुशाल गेलो. फास आवळायचाच होता, पण नीट, एकेकाचा.

त्याच आठवड्यात मास्तर मला भाजी घेताना भेटले. त्यांच्या हातातली पिशवी धरत मी सहज विचारलं, “मास्तर, त्या ‘ओल्या टॉवेला’चा शेवट काय हो?”

“शेवट नको सांगायला लावूस,” मास्तर म्हणाले. “अंगावर काटा येतो अजून. तो त्या टॉवेलानं तोंड पुसतो. बराच वेळ पुसतो. टॉवेल खाली येतो तेव्हा चेहरा दुसऱ्याचा असतो. खालून बायको हाक मारते, नेहमीच्याच नावानं. आणि तो ‘आलो’ म्हणून जिना उतरतो. झालं.”

म्हाताऱ्याची कल्पनाशक्ती दांडगी, मी म्हटलं. मग दवाखान्यात गेलो. कंपाउंडर गोळ्यांच्या पुड्या बांधत होता. तोच प्रश्न.

“तोंड पुसतो,” तो मान वर न करता म्हणाला. “चेहरा दुसऱ्याचा. बायको हाक मारते. तो ‘आलो’ म्हणतो.” मग हात थांबवून म्हणाला, “आवाज मात्र पहिल्याचाच असतो, ते लक्षात आलं का तुझ्या?”

सलूनवाल्याकडे मी दाढीच्या निमित्तानं गेलो. त्यानंही तेच सांगितलं. गळ्यावर वस्तरा असल्यामुळे मला मध्ये बोलता आलं नाही.

आता मी गाढव नाही. तिघांनी मिळून मला बनवायचं ठरवलंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला राग आला आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतके दिवस मी एकटाच या मैत्रीत जीव ओततोय असं वाटायचं. हे तर माझ्यासाठी तालमी करतायत!

पुढच्या सुट्टीला मी शटरखालून आत शिरलो तो बोलतच. “पुरे झालं नाटक. असा सिनेमाच नाही! तो टॉवेल बघून मी नाव ठोकलं होतं. तो! तिथला!” मी खिळ्याकडे बोट केलं.

तिघांनी खिळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग असे हसले की सलूनवाल्याच्या हातातली फवाऱ्याची बाटली निसटली.

“काय पण थाप!” कंपाउंडर डोळे पुसत म्हणाला. “पाहिला नाही तर नाही म्हण की सरळ. सिनेमाच रद्द करायचा?”

“अरे, माझ्या बहिणीचं बाळंतपण त्या सिनेमापायी अडलं होतं,” सलूनवाला म्हणाला. “कळा सुरू झाल्या आणि मेहुणा थिएटरात! शेवट बघितल्याशिवाय उठला नाही. भाचा आता नोकरीला लागला. त्याला काय सांगू, तुझा बाप कुठेच नव्हता म्हणून?”

“बस, बाळा,” मास्तरांनी बाकड्याकडे हात केला. वर्गात दाखवत असतील तसा.

मी बसलो नाही. घरी निघून आलो.

माझी बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना “आता दिसतंय का?” विचारते, त्यामुळे तिला खोटं चटकन दिसतं. तिला सगळं सांगून या तिघांना मनसोक्त शिव्या घालाव्यात म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. ती भाजी चिरत होती. मी सिनेमाचं नाव घेतलं आणि तिचे हात थांबले.

“आज कशी आठवण झाली?” ती म्हणाली. असं गोड हसली की मी पुढचं बोलायचं विसरलो.

“कसली आठवण?”

“कसली म्हणजे? अरे, नकार द्यायला आले होते मी त्या दिवशी. घरच्यांनी दुसरीकडे ठरवत आणलं होतं. इंटरव्हलला सांगायचं आणि निघून जायचं, असं घोकून आले होते. पण तू इंटरव्हललाही जागचा हलला नाहीस. आणि शेवटी त्यानं टॉवेल खाली घेतला तेव्हा तू रडायला लागलास. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी. मी म्हटलं, एवढा तोंडाळ माणूस असा रडत असेल तर हाच बरा.”

मी लग्नाआधी तिच्याबरोबर सिनेमाला गेलो होतो. एकदाच. धाकट्यांचा मारामारीचा सिनेमा होता, आणि मी दोन तास तिला त्यातल्या चुका सांगत होतो. ती हो कशी म्हणाली याचं मला आजवर नवल वाटत होतं.

“नंतर कधी रडला नाहीस तसा,” ती पुन्हा चिरायला लागली. “कधीकधी वाटतं, तो माणूस मला परत भेटलाच नाही. जाऊ दे. कांदा दे तो.”

मी कांदा दिला. मी तो सिनेमा पाहिला नाही असं म्हटलं, तर ती लग्न कोणाशी करून बसली होती?

मग सलूनवाल्यानंच बातमी आणली. बाजारामागच्या जुन्या थिएटरात थोरल्यांचे सगळे सिनेमे लावले होते. सुट्टीच्या दुपारी ‘ओला टॉवेल’. “चल फ्यूज, बाकड्यावरून सुटका होईल तुझी.”

मी बायकोला म्हटलं, जाऊ या. ती इतकी खूश झाली की ठेवणीतली साडी काढली. मीही खूश होतो. खोटं म्हणणार नाही, भीतीही होती, पण जास्त करून खूशच. दोनपैकी काहीतरी एक होणार होतं. पडद्यावर दुसराच सिनेमा लागणार आणि मी या सगळ्यांच्या बोडक्यावर नाचणार. नाहीतर तो सिनेमा खरंच असणार आणि मी तो पाहणार. मग तरी मला तिच्या शेजारी बसून खरं बोलता येईल.

आम्ही निघणार तेवढ्यात कंपाउंडरच्या दवाखान्यातून माणूस आला. पाण्याची मोटार जळली होती. वर टाकीत थेंब नाही आणि आत पेशंट.

“तू हो पुढे,” मी बायकोला म्हटलं. “आलोच.”

आलोच कसला! वायंडिंगची तार पार कोळसा झाली होती. नवी भरायला वेळच नव्हता. दुकानातली जुनी मोटार उचलून आणली, ती बसवली, तिचा पाइप गळायला लागला, तो बांधला. पाणी चढल्याचा आवाज आला तेव्हा मी ग्रीसच्या हातांनीच पळत सुटलो.

थिएटरच्या पायऱ्यांवर पोचलो आणि दारं उघडली. बाहेर चांगलं ऊन होतं. माणसं डोळे किलकिले करत येत होती.

आधी सलूनवाला आला. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “मानलं तुला. जन्मात पहिल्यांदा थिएटरात गप्प बसलास.”

त्याच्या मागून मास्तर. ते फक्त माझा दंड दाबून पुढे गेले. सांत्वनाला दाबतात तसा.

मी दाराकडे बघत राहिलो.

ती आली. डोळे लाल, चेहरा उजळलेला. लग्नातल्या फोटोतसुद्धा ती इतकी सुंदर दिसत नाही.

“अरे, हात कुठे एवढे काळे केलेस?” ती म्हणाली. “आत्ता तर धरला होता मी.”

मी हात मागे घेतला.

“आणि आत जे कबूल केलंस ना,” तिनं आवाज खाली आणला, “ते आता विसरायचं नाही. मी विचारलंही नव्हतं. तू आपणहून बोललास.”

मला काय ते माहीत नव्हतं. विचारलं असतं तर तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड गेला असता. मी फटकळ आहे, निर्दयी नाही.

“आवडला ना तुला?” तिनं विचारलं. “परत पाहिलास तरी आवडला ना?”

माझ्या मागून एक कुटुंब पायऱ्या उतरून गेलं. आतला पंखा कोणीतरी बंद केला.

“आवडला,” मी म्हणालो. “पाहिला ना मी. आवडला.”

ती हसली.

आम्ही फुटपाथवरून घरी निघालो. ती मनापासून बोलत होती, गच्चीबद्दल, त्या जिन्याबद्दल. मी तिच्या डाव्या बाजूला होतो. तिच्या उजवीकडे तिनं जागा सोडली होती, एका माणसापुरती.

मी म्हटलं, सवय असेल.

पण समोरून येणारे लोकही त्या जागेला वळसा घालून जात होते.